दृष्टिदोष कीं शीलदोष?

"मीं माझ्या डोळ्यांनीं पाहिलें" असें कोणी म्हटलें कीं वाद थांबतो, हा आपला रोजचा अनुभव आहे. घरांतील भांडण असो, बाजारांतील तंटा असो, कीं न्यायालयांतील साक्ष असो, ऐकलेल्याहून पाहिलेल्याचें मोल नेहमींच अधिक. आमच्या दर्शनकारांनींही प्रमाणांच्या पंक्तींत प्रत्यक्षास अग्रपूजेचा मान दिला आहे. परंतु हा मान देण्यापूर्वीं त्यांनीं प्रत्यक्षाची कसून झडती घेतली, हेंही विसरतां येत नाहीं. काविळीच्या रोग्यास पांढरा शंख पिवळा दिसतो. तिमिर नांवाच्या नेत्ररोगानें ग्रासलेल्यास नसलेले केस डोळ्यांपुढें तरंगतांना दिसतात. आणि अंधुक प्रकाशांत वाटेवरची दोरी सर्प होऊन बसते. हीं उदाहरणें तर्काच्या व वेदांताच्या विद्यार्थ्यांस तोंडपाठ असतात.

या तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. ज्याला भ्रम होतो त्यानें तो ओढवून घेतलेला नसतो. कावीळ त्याला न विचारतां येते, आणि अंधार तर सर्वांनाच सारखा. म्हणून या भ्रमांची चर्चा ज्ञानाच्या प्रकरणांत होते, नीतीच्या प्रकरणांत होत नाहीं. शंख पिवळा म्हणणाऱ्यास 'तूं चुकलास' एवढेंच लोक म्हणतात. 'तूं पाप केलेंस' असें कोणी म्हणत नाहीं. पण समजा, एखाद्या मनुष्यानें स्वतःच्या हातानें, वर्षामागून वर्षें, आपली दृष्टि बिघडवून घेतली, आणि मग त्या बिघडलेल्या दृष्टीला जें दिसलें त्यावर विश्वासून शेजाऱ्यावर हात उगारला, तर तो दोष दृष्टीचा मानावयाचा कीं शीलाचा? उत्तेजक द्रव्यांच्या दीर्घकालीन व्यसनानें हा प्रश्न आज आपणांपुढें आणून ठेविला आहे, आणि तो केवळ वैद्यांनीं सोडवावा असा नाहीं.

प्रथम हीं द्रव्यें कोणतीं तें पाहूं. दक्षिण अमेरिकेंतील कोका नांवाच्या झुडुपाच्या पानांतून १८६० च्या सुमारास आल्बर्ट नीमान या जर्मन रसायनज्ञानें कोकेन वेगळें काढलें. अॅम्फेटामिन १८८७ सालीं प्रयोगशाळेंत तयार झालें, आणि १८९३ सालीं नागाई या जपानी शास्त्रज्ञानें एफेड्रिनपासून मेथअॅम्फेटामिन बनविलें. दारू आणि अफू यांच्याहून यांची तऱ्हा निराळी. तीं मनुष्याला झोंपवितात, हीं जागें ठेवितात; तीं हात-पाय लटपटवितात, हीं त्यांत बळ आल्याचा भास उत्पन्न करितात. म्हणूनच सुशिक्षितांनीं, सरकारांनीं आणि सेनापतींनींही यांचें प्रथम स्वागत केलें. जर्मनींत १८३८ नव्हे, अगदीं अलीकडे, १९३८ सालीं मेथअॅम्फेटामिनच्या गोळ्या 'पर्व्हिटिन' या नांवानें औषधाच्या दुकानांत मिळूं लागल्या, आणि पुढें त्या सैनिकांच्या खिशांत गेल्या. जपानांत १९४१ पासून तेंच द्रव्य 'फिलोपॉन' म्हणून विकलें गेलें. युद्ध संपल्यावर उरलेले साठे बाजारांत आले, पराभवानें खचलेल्या तरुण पिढीच्या हातीं पडले, आणि व्यसनाची अशी साथ पसरली कीं १९५१ सालीं त्या देशास स्वतंत्र कायदा करावा लागला. आपल्याकडेही विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबई-कलकत्त्यास विड्यांतून कोकेन खाण्याची खोड पसरली होती. तेव्हां हा विषय सर्वस्वीं परका आहे असें समजण्याचें कारण नाहीं.

या द्रव्यांचें दृष्टीशीं असलेलें नातें प्रथमपासूनच विचित्र आहे. १८८४ सालीं व्हिएन्ना येथील कार्ल कोलर यानें कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करितां येतो हें दाखविलें, आणि नेत्रशस्त्रक्रियेचें एक नवें युग सुरू झालें. त्याच वर्षीं, त्याच नगरांत, तरुण सिग्मंड फ्रॉइड यानें कोकेनची वाखाणणी करणारा निबंध प्रसिद्ध केला. फ्रॉइडचा एक ज्येष्ठ मित्र होता, फ्लायश्ल-मार्क्सोव्ह नांवाचा. शवविच्छेदनाच्या वेळीं झालेल्या जखमेमुळें त्याचा अंगठा कापावा लागला होता, आणि त्या वेदनेपायीं तो मॉर्फिनच्या आहारीं गेला होता. त्याची मॉर्फिनपासून सुटका व्हावी म्हणून फ्रॉइडनें त्याला कोकेन सुचविलें. मॉर्फिन सुटलें नाहीं. कोकेन मात्र जडलें. थोड्याच काळांत त्या विद्वान शरीरशास्त्रज्ञाला आपल्या अंगावरून साप सरपटत असल्याचे भास होऊं लागले, आणि १८९१ सालीं तो वारला. ज्या औषधानें हजारोंच्या डोळ्यांवर उपचार शक्य केले, त्याच औषधानें एका डोळस मनुष्याला नसलेले सर्प दाखविले. आणि वेदांत्यांच्या उदाहरणांत निदान दोरी तरी होती. येथें तीही नव्हती.

हें कसें घडतें तें समजण्यासाठीं पाहणें म्हणजे काय याचा थोडा विचार अवश्य आहे. डोळा म्हणजे खिडकी आणि मन म्हणजे खिडकींत बसलेला मनुष्य, ही आपली साधी समजूत शास्त्रानें केव्हांच मोडीत काढली आहे. डोळ्याच्या पाठीमागील नेत्रपटलांत प्रकाश टिपणाऱ्या दहा कोटींहून अधिक पेशी आहेत. पण तेथून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जारज्जूंत तंतु मात्र सुमारें दहा लाखच. म्हणजे बातमी वाटेवरच संक्षिप्त होते. ती मेंदूच्या मध्यभागीं असलेल्या एका ठाण्यांतून डोक्याच्या मागील भागांत पोहोंचते, आणि तेथें निरनिराळ्या पेशी कोणी रेषेची दिशा, तर कोणी हालचाल, अशी वांटणी करून ती वाचतात. हें काम उलगडून दाखविल्याबद्दल ह्यूबेल व वीझेल यांना १९८१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्याहून नवलाची गोष्ट अशी कीं, त्या मधल्या ठाण्याकडे डोळ्यांकडून जितके धागे येतात त्यांहून पुष्कळ अधिक धागे वरच्या मेंदूकडून खालीं येतात. काय दिसावें याविषयींची अपेक्षा दिसण्याच्या आधींच तेथें येऊन बसलेली असते. हेल्महोल्ट्झ या जर्मन पंडितानें एकोणिसाव्या शतकांतच पाहण्याला नकळत केलेलें अनुमान म्हटलें होतें. जुनें मोडी दफ्तर वाचणारा मनुष्य पुसट झालेलें अक्षर मागच्यापुढच्या संदर्भावरून लावतो. आपण अक्षर वाचलें असेंच त्याला वाटतें, पण अर्धें त्यानें स्वतःच्या पदरचें घातलेलें असतें. पाहणेंही असेंच आहे.

आतां या वाचनांत उत्तेजक द्रव्य कोठें शिरतें? मेंदूंतील पेशी एकमेकींस निरोप देण्यासाठीं जीं रसायनें वापरतात त्यांपैकीं डोपामिन हें एक. निरोप दिल्यावर तें परत ओढून घेतलें जातें. कोकेन ही परत जाण्याची वाट अडवितें. अॅम्फेटामिन तर साठ्यांतील डोपामिन बाहेर लोटतें. परिणाम एकच: निरोप संपत नाहीं. हें रसायन प्रत्यक्ष नेत्रपटलांतही आहे, आणि अंधारांतून उजेडांत येतांना डोळ्याला जुळवून घेण्यास तें साहाय्य करितें. कोकेन नुकतेंच सुटलेल्या रोग्यांची १९९० नंतरच्या दशकांत तपासणी झाली, तेव्हां निळ्या-पिवळ्या रंगांतील भेद ओळखण्याची त्यांची शक्ति मंदावलेली आढळली, आणि निळ्या प्रकाशास त्यांच्या नेत्रपटलानें दिलेला विद्युत्प्रतिसादही क्षीण दिसला. काविळीच्या शंखाची आठवण व्हावी असाच हा प्रकार आहे.

परंतु रंगाचा फरक ही लहान गोष्ट. खरी हानि पुढल्या पायरीवर होते. डोपामिनचें एक कार्य असें दिसतें कीं, समोरच्या असंख्य वस्तूंपैकीं 'हिच्याकडे लक्ष दे, ही महत्त्वाची' अशी खूण करावयाची. भुकेल्याला खाणावळीची पाटी आधीं दिसते, आईला गर्दींत स्वतःचें मूल आधीं दिसतें, तें याच खुणेमुळें. ही खूण जेव्हां अस्थानीं, वाटेल त्या वस्तूवर पडूं लागते, तेव्हां हलणारा पडदा, रस्त्यावर थांबलेली मोटार, दोन अनोळखी माणसांचें हसणें, या सर्वांना अर्थ येतो. आणि अर्थ आला कीं बुद्धि त्याचें कारण शोधूं लागते. कोणी तरी पाळत ठेवीत आहे, हें तें नेहमींचें कारण. कपूर या मनोवैद्यानें २००३ सालीं हा विचार व्यवस्थित मांडला. त्यापूर्वीं, १९५८ सालीं, लंडनच्या कॉनेल यानें अॅम्फेटामिननें उन्माद झालेल्या ४२ रोग्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें होतें, आणि त्यांतील एक गोष्ट आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें फार महत्त्वाची आहे. हे रोगी बहुधा शुद्धीवर होते. स्थळ, काळ, माणसें ते ओळखीत होते. दारूड्याच्या चालीवरून त्याची अवस्था कळते. पण हा मनुष्य नीट उभा असतो, नीट बोलतो, आणि तरीही खिडकींत नसलेला चेहरा पाहत असतो.

तिसरी पायरी याहूनही खोल आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांतील संशोधकांनीं २००८ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. कोकेनच्या रोग्यांना त्या व्यसनाशीं संबंध असलेलीं चित्रें एका सेकंदाच्या हजार भागांपैकीं फक्त ३३ भाग एवढा वेळ दाखविलीं, आणि लगेच दुसऱ्या चित्रानें तीं झांकलीं. आपण कांहीं पाहिलें हें रोग्यांना कळण्याइतकाही तो अवधि नव्हता. पण मेंदूंतील वासनेचीं केंद्रें उजळलीं. म्हणजे 'मीं पाहिलें' असें म्हणणारा 'मी' जागा होण्यापूर्वींच ओढ सुरू झालेली असते. आणि जपानी वैद्यांचा अनुभव असा कीं, पूर्वीं असा उन्माद होऊन बरे झालेले, दीर्घकाळ द्रव्यापासून दूर राहिलेले रोगीही थोड्याशा मात्रेनें पुन्हां त्याच भासांत सांपडतात. या सर्वांत जागरणाचा वाटा किती, द्रव्याचा किती, आणि मूळ स्वभावाचा किती, हें माणसांच्या बाबतींत निवडून काढणें कठीण असतें, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. पण दृष्टि बिघडते याविषयीं वाद नाहीं.

मग दोष कोणाचा? एक पक्ष म्हणतो, सर्वस्वीं त्या मनुष्याचा. या पक्षाचा वडीलधारा वकील अॅरिस्टॉटल आहे. आपल्या नीतिशास्त्राच्या ग्रंथांत त्यानें दारूच्या धुंदींत केलेल्या अपराधास दुप्पट शिक्षा देणाऱ्या कायद्याचा उल्लेख केला आहे, कारण धुंद न होणें हें त्या मनुष्याच्या हातीं होतें. फेंकलेला दगड परत घेतां येत नाहीं हें खरें, पण तो न फेंकणें आपल्या स्वाधीन होतें, असा त्याचा युक्तिवाद आहे. इंग्लंडांत १९७६ सालीं एका खटल्यांत हाच प्रश्न निघाला. मायेव्स्की नांवाच्या आरोपीनें दारूसह अॅम्फेटामिन व झोंपेचीं औषधें घेऊन एका मद्यगृहांत मारामारी केली होती. स्वतः ओढवून घेतलेली धुंदी अशा हल्ल्याच्या आरोपावर बचाव होत नाहीं, असा निर्णय हाऊस ऑफ लॉर्ड्सनें दिला. आपल्याकडेही जुन्या दंडसंहितेंतील भेद, म्हणजे इच्छेविरुद्ध आलेली धुंदी वेगळी आणि स्वेच्छेनें आणलेली वेगळी, २०२३ च्या भारतीय न्याय संहितेनें कायम ठेविला आहे. मार खाणाऱ्याचें डोकें फुटतें तें खरेंच फुटतें. त्याच्या बाजूनें कायद्यानें उभें राहणें योग्यच आहे.

पण नीतीचा विचार कायद्याशीं संपत नाहीं. दगडाचा दृष्टांत तेव्हांच पुरता लागू पडतो, जेव्हां फेंकणाऱ्याला आपल्या हातांत काय आहे हें ठाऊक असतें. ज्या सैनिकाला वरिष्ठांनींच गोळी दिली, ज्या विद्यार्थ्यानें परीक्षेच्या रात्रीं जागण्यासाठीं ती मित्राकडून घेतली, त्यानें सर्पदर्शनाची निवड केली असें म्हणणें कितपत न्याय्य होईल? शिवाय पहिल्या दिवसाची निवड आणि हजाराव्या दिवसाची निवड यांचें बळ सारखें नसतें. येथें दगड फेंकतां फेंकतां हातच झिजत जातो.

दुसरा पक्ष आधुनिक आहे. तो म्हणतो, हा मेंदूचा रोग आहे. रोग्यास दोष देणें रानटीपणाचें आहे. या पक्षांत करुणा आहे, म्हणून आम्हांस त्याविषयीं आदर वाटतो; पण त्याचें टोंक गांठलें तर तो ज्याला वांचवूं पाहतो त्याचाच अपमान करितो. व्यसन जर केवळ रसायनाचें कर्तृत्व असेल, तर व्यसन सोडण्याचा पराक्रमही रसायनाचाच ठरेल, आणि त्या बिचाऱ्याच्या वांट्यास कांहींच उरणार नाहीं. वस्तुस्थितीही इतकी निराशेची नाहीं. द्रव्य थांबल्यावर बहुतेकांचे भास कांहीं दिवसांत वा आठवड्यांत ओसरतात, जरी कांहींचे दीर्घकाळ रेंगाळतात. व्होल्कोव्ह आणि त्यांचे सहकारी यांनीं २००१ सालीं दाखविलें कीं, मेथअॅम्फेटामिन सोडून बरेच महिने लोटल्यावर डोपामिन परत ओढून घेणारी यंत्रणा पुष्कळ अंशीं भरून येते. बुद्धीचें व हालचालींचें कौशल्य मात्र त्या मानानें परतलें नव्हतें. जखम भरते, वण राहतो, आणि भरण्याला वेळ लागतो, असा याचा अर्थ.

आमच्या मतें हा गुंता सुटावयाचा तर तीन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत: जें दिसतें तें, दिसलेल्यावर ठेविलेला विश्वास, आणि त्या विश्वासावरून केलेली कृति. पहिली गोष्ट त्या क्षणीं कोणाच्याच हातीं नसते. तिच्याबद्दल दोष देणें व्यर्थ आहे. तिसरीचा निवाडा कायदा करितो. नीतीचें खरें ठाणें मधल्या गोष्टींत आहे. रेल्वेंत ज्याला तांबडा-हिरवा भेद कळत नाहीं त्याला इंजिन चालविण्यास देत नाहींत. रंगांधळेपणा हा त्याचा अपराध नव्हे. पण तो लपवून इंजिनावर चढणें हा अपराध होय. तसेंच, आपली दृष्टि खोटी साक्ष देते हें ज्यास एकदां कळलें, त्याच्यावर एक नवें कर्तव्य येऊन पडतें. तें असें कीं, आपल्या डोळ्यांवरचा हक्क थोडा सोडावयाचा आणि दुसऱ्याला विचारावयाचें: 'मला तेथें कोणी दिसतो आहे, तुला दिसतो का?' इतकें विचारणें ही लहान गोष्ट नव्हे. प्रत्यक्षाला अग्रपूजा देणाऱ्या मनुष्यानें स्वतःच्याच प्रत्यक्षाविरुद्ध शब्दप्रमाण स्वीकारणें, यासारखी कठीण तपश्चर्या क्वचितच असेल.

पण हें विचारावयाचें कोणाला? या रोगांत जवळच्या माणसांचाच संशय प्रथम येतो, आणि जवळच्या माणसांनीं आपल्या वागणुकीनें तो संशय बहुधा खरा करून ठेविलेला असतो. येथें आम्हांस आपल्या पांढरपेशा घरांविषयीं बोललें पाहिजे. मुलाचें व्यसन उघडकीस आलें म्हणजे पहिली धांव वैद्याकडे जात नाहीं, लोक काय म्हणतील याकडे जाते. दारें बंद होतात, नातेवाइकांस निरनिराळीं कारणें सांगितलीं जातात, आणि बंद दारांआड वडील ओरडतात, 'तेथें कोणी नाहीं, ढोंग पुरे कर.' यांतील पहिलें वाक्य खरें आहे, दुसरें खोटें. तेथें कोणी नाहीं; पण मुलाला दिसत आहे, आणि तें ढोंग नाहीं. जो मनुष्य आपल्या एका खऱ्या वाक्याला एक खोटें वाक्य जोडतो, त्याच्या खऱ्या वाक्यावर तरी मुलानें विश्वास कां ठेवावा? 'तुला दिसतें हें मला मान्य आहे. मला मात्र तेथें कोणी दिसत नाहीं. आपण दोघे डॉक्टरांकडे जाऊं,' असें म्हणणारा बाप सत्यालाही धरून असतो आणि मुलालाही. कायद्यानेंही येथें एक दार उघडें ठेविलें आहे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या ६४-अ या कलमान्वयें, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी मनुष्य स्वेच्छेनें मान्यताप्राप्त ठिकाणीं उपचार घेऊं लागला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळूं शकतें. प्रतिष्ठेपायीं दारें लावून बसणाऱ्या घराला हें दार दिसतच नाहीं.

करुणेचा अर्थ भाबडेपणा नव्हे, हेंही जोडून सांगितलें पाहिजे. उन्मादांत शस्त्र उचललेल्याला आवरलेंच पाहिजे, आणि ज्या घरांत लहान मुलें व वृद्ध आहेत तेथें त्यांचें रक्षण आधीं. पण आवरणें आणि तिरस्कार करणें या दोन क्रिया आहेत. पहिली करितांना दुसरी केलीच पाहिजे असें नाहीं.

शेवटीं एक प्रश्न आपणां स्वतःस विचारावयाचा राहतो. व्यसनी मनुष्य घरीं परतला, चार महिने, आठ महिने शुद्ध राहिला; तरी तो उशिरा आला कीं आपल्या मनांत शंका येते, तो हंसला कीं शंका येते, कपाटांतील नोट सांपडली नाहीं कीं नजर आधीं त्याच्याकडे वळते. प्रत्येक क्षुल्लक गोष्टीस अर्थ, आणि प्रत्येक अर्थाच्या मुळाशीं एकच संशय: ज्या दृष्टिदोषाचें वर्णन आम्हीं वर केलें त्याचींच हीं लक्षणें नव्हेत काय? त्याच्या मेंदूंत निदान एक रसायन भलतीकडे लोटलें गेलें होतें. आपण तर कांहींच घेतलेलें नसतें. सावधगिरी बाळगणें हें शहाणपण खरें. पण जो आपल्या डोळ्यांची साक्ष तपासून घेण्याची अपेक्षा दुसऱ्याकडून करितो, त्यानें स्वतःचीही तपासावी, एवढें तरी न्यायाचें आहे.

दिवा आणला कीं दोरीवरचा सर्प नाहींसा होतो, असें वेदांती सांगतात. उत्तेजक द्रव्यानें दाखविलेला सर्प दिव्यानें जात नाहीं, कारण बिघाड उजेडांत नसून पाहणाऱ्यांत असतो. तेथें उपयोगी पडतो तो काळ, उपचार, आणि ज्याच्या सांगण्यावर विसंबतां येईल असा एखादा जवळचा मनुष्य. पहिला कोणाच्याच हातीं नाहीं. दुसरा वैद्यांच्या हातीं आहे. तिसरा होणें मात्र आपल्या हातीं आहे. वाचकांपैकीं एखाद्या घरांतील बंद दार या विचारानें उघडलें, तरी या चर्चेचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.